मखमलीचा भार

पंचांच्या कचेरीचा निरोप दोनच ओळींचा होता. 'शेजारच्या राज्याशी असलेल्या नदीकाठाच्या वादातली तुमची जुनी कागदपत्रं गुरुवारी सूर्यास्ताच्या आत पाठवा. फाइल वीस एमबीपेक्षा मोठी नको आणि शब्द शोधला की सापडला पाहिजे.'

चिंचोडगडची फाइल होती सहाशे एमबीची.

"मग वीसची करा!" राजे रणधीरसेन म्हणाले. "पण एक अक्षर गळता कामा नये. आणि कागदावरचं काहीही फेकायचं नाही. आमच्या आजोबांनी हाताळलेले कागद आहेत ते!"

दफ्तरदार त्रिंबकपंतांनी मान डोलावली. राजापुढे त्यांना दुसरं काही येतच नसे. त्यांनी अख्खी फाइल धरून दाबली, पुन्हा दाबली, आणि खरोखर वीसवर आणली. फक्त अक्षरं अशी फिसकटली, की चारशे पानांत 'रंगारी' हा शब्द यंत्राला एकदाही सापडेना. शिवाय रंगाऱ्यांना जिथे '९०० हात काठ' लिहून दिला होता, तिथे यंत्राने बेधडक '१०० हात' वाचलं.

ही बातमी नदीवर पोचली, तेव्हा हौसा रंगारीण गुडघाभर पाण्यात लुगडी खळबळत होती. आठशे हात काठ शेजारच्या राज्यात गेला, तर बत्तीस घरांनी कापड धुवायचं कुठे आणि वाळवायचं कुठे? लुगड्यांचे पिळे बापाच्या हातात देऊन ती तशीच निळ्या हातांनी गड चढली.

"कागद यंत्रात कसे घेता, ते दाखवा," ती पंतांना म्हणाली.

"तुला काय कळणार त्यातलं?"

"नाही कळणार. पण तुम्हाला कळून काय झालं?"

पंतांनी यंत्र सुरू केलं. त्याचा कॅमेरा वरून खाली बघणारा होता. पंतांनी त्याखाली आधी लाल मखमल अंथरली, तिला नमस्कार केला, मग तिच्यावर कागद ठेवला.

"मखमल कशाला?"

"राजाचा कागद उघड्या लाकडावर ठेवत नाहीत. रिवाज आहे."

"आणि ती चित्रात येते?"

"येते तर! जरीच्या झालरीसकट. सगळं रंगीत आणि सगळं बारीकात बारीक. राजाचा कागद हलक्या दर्जात काढायचा म्हणजे काय!"

हौसाने पडद्यावर एक पान मोठं करून पाहिलं. मखमलीची लव न् लव मोजता येत होती. कागदाच्या सुरकुत्या आणि ओलीचे पट्टेही तेवढ्याच निगुतीने जपले होते. या सगळ्या पसाऱ्यात बिचारी अक्षरं कुठेतरी मधे उभी होती.

"पंत, एका लुगड्याला आम्ही दोन ठसे वापरतो," ती म्हणाली. "रेघेचा ठसा माझा बाप महिनाभर कोरतो. आत रंग भरायचा ठसा एका दुपारीत होतो, ओबडधोबड. तुम्ही तर रंगसुद्धा रेघेच्या ठशाने भरताय! या यंत्राला शाई वेगळी आणि कागद वेगळा काढता येतो का?"

"येतो की," पंत म्हणाले. "तशी सोय पहिल्या दिवसापासून आहे. पण महाराजांनी कधी विचारलं नाही."

हौसाने कपाळाला हात लावला. कपाळ निळं झालं.

दाबलेली फाइल बाजूला टाकून दोघं पुन्हा मूळ फाइलीवर बसली. मखमल कापली. शाई नुसती काळी-पांढरी, पण पहिल्याइतकीच बारीक ठेवली, आणि यंत्राकडून अक्षरं तिच्यावरूनच वाचून घेतली. कागद तेवढा, सुरकुत्या-डागांसकट, ओबडधोबड ठेवला. फाइल भरली एकोणीस एमबी.

गुरुवारी दरबार भरला. राजांनी स्वतः 'रंगारी' शोधायला सांगितलं. पान दोनशे बारा झटक्यात उघडलं: '९०० हात काठ'. राजांनी चष्मा लावून मूळ कागदाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं. चूक सापडेना, तसे ते अस्वस्थ झाले.

"आमची मखमल कुठे गेली?"

"कागदावरचं काही फेकायचं नाही, असा हुकूम होता महाराज. मखमल कागदाखाली होती."

राजांनी ओठ आवळले. "बरं. पान एकशे चाळीसवर आजोबांच्या विड्याचा डाग आहे. तो दाखवा!"

पान उघडलं. डाग होता. राजे पडद्याला नाक लावून बघू लागले.

"हा धुरकट दिसतोय!"

पंतांनी डोळे मिटून घेतले. बाहेर सूर्य कलायला लागला होता.

"महाराज," हौसाने विचारलं, "आजोबांनी तो रेखून काढला होता का?"

आधी राजांच्या मिशा हलल्या, मग पोट हलायला लागलं, आणि शेवटी ते सिंहासनाचा हात धरून खदाखदा हसले. "पाठवा! पाठवा ती फाइल!"

दुसऱ्या दिवशी पंचांचा निकाल आला. काठ नऊशे हात, चिंचोडगडच्या रंगाऱ्यांचाच! खूश होऊन राजांनी ती लाल मखमलच हौसाच्या खांद्यावर घातली.

हौसाने तिच्यावरून बोट फिरवलं आणि घडी घालून परत केली. "हिच्यावर ठसा उठत नाही, महाराज. साधा सुती मांजरपाट द्या."

राजे पुन्हा हसले आणि त्यांनी शंभर ताग्यांचा हुकूम सोडला. पंतांनी तो ताबडतोब लिहून काढला आणि सवयीने मखमलीवर ठेवला.