सक्तीचा रकाना

"पण माणसं खोटं का लिहितात, बुवा?"

निनादने बसायच्या आधीच विचारलं. तीन तास गाडी चालवून तो डोंगरावरच्या मठात आला होता, आणि चांगलाच तापलेला होता.

मठात येण्याआधी वामनबुवा कॉलेजात नेटवर्किंग शिकवत. निनाद त्यांचा लाडका विद्यार्थी. हुशार, आणि आपण हुशार आहोत हे पक्कं ठाऊक असलेला.

गावोगावी इंटरनेट पोचवणाऱ्या राऊटर-स्विचची माहिती ज्यात भरायची, तो साचा त्याने बनवला होता. बावीस रकाने, बावीसही सक्तीचे. एक जरी रिकामा राहिला, तरी यंत्राची नोंदच होत नसे.

"देखभाल करणाऱ्याचा फोन नंबर, हा एकच रकाना घ्या," तो म्हणाला. "चारशे यंत्रांपुढे नुसता नऊचा आकडा दहा वेळा! परवा घाटातला राऊटर बंद पडला. तिथला दवाखाना दोन दिवस जगापासून तुटलेला. फोन करायचा तरी कोणाला? आतापर्यंत चाचणी होती, उद्या साचा कायम होतोय. मी आता नियम आणखी कडक करणार."

"कर की. आधी जेवून घे." बुवांनी पाहुण्यांची नोंदवही पुढे सरकवली. "पण तुझ्याच नियमाने हं. सगळे रकाने भरल्याशिवाय पान वाढणार नाही."

निनाद हसला. नाव लिहिलं, गाव लिहिलं. शेवटचा रकाना होता : काही झालं तर कोणाला कळवायचं?

पेन थांबलं...

ऑफिस, फ्लॅट, डबा. पुष्कळ आठवूनही त्याला एक माणूस सापडेना. आपण इतके एकटे आहोत हे त्याला आजवर माहीत नव्हतं, आणि ते त्याला फार लागलं.

शेवटी त्याने एक नंबर लिहिला.

"कोणाचा?"

"आईचा."

"उचलेल ती?"

"दोन वर्षं झाली तिला जाऊन."

"मग लिहिलास कशाला?"

"रिकामा सोडला असता तर तुम्ही जेवू दिलं नसतंत."

बुवांनी त्याच्या हातातलं पेन घेतलं. नंबर हळूच खोडला. नावाला मात्र हात लावला नाही.

"नाव हवंच," ते म्हणाले. "नाहीतर जेवायला हाक कशी मारू?"

"आणि हा रकाना?"

"राहू दे रिकामा... रिकामा दिसला, म्हणजे कोणीतरी विचारील."