सुताराच्या पाच ढोल्या

शके अठराशे पंच्याऐंशीच्या पौषातली गोष्ट. माळावरच्या जुन्या शिरीषावर सुतार पक्ष्याने कोरलेल्या पाच ढोल्या होत्या. थंडीत लांबून पाहुणे पक्षी येत. दिवसाला दोन अळ्या घेऊन तो त्यांना ढोली देई. झाडावरच्या वडीलधाऱ्या पिंगळ्याने नियम घातला, "तीन पाहुण्यांना द्या, दोन इथल्यांना ठेवा."

"ढोल्या कोरायच्या मी आणि नियम करायचे तुम्ही?" असं म्हणून सुताराने पाचही पाहुण्यांना दिल्या आणि स्वतः उघड्या फांदीवर निजू लागला. चंपी पोपटीण अंडी घालायला जागा मागत आली.

"भरल्यात," तो म्हणाला.

ती विहिरीच्या कपारीत गेली. तिथल्या ओलीत अंडी टिकणार नव्हती.

एका दुपारी गारा कोसळल्या. सुतार आपल्याच ढोलीकडे झेपावला. आतून पाहुणा म्हणाला, "मालक, अळ्या आधीच घेतल्यात. आमचे चार दिवस बाकी आहेत."

कपारीतून चंपीने हाक मारली, "सुतारदादा, इकडे या. अंग चोरलंत तर दोघं मावू. शेपटी तेवढी बाहेर राहील."

शेपटीवर मार खात तो आत बसला. गारा थांबल्यावर त्याने शिरीषाच्या उन्हाच्या बाजूला सहावी ढोली कोरायला घेतली. आठव्या दिवशी चंपी तिच्यात अंडी उबवत बसली होती.