नवव्या ओळीचा मका

सातपुड्याच्या उतारावर आडखोरे नावाचं एक गाव होतं. त्या गावात ध्रुपदाबाई नावाची एक बाई राहायची, आणि ती दर हंगामात आपल्याच शेतातली मक्याची कणसं जाळायची.

आडखोऱ्यात अन्न जाळण्याइतकं मोठं पाप नव्हतं. भाकरीचा तुकडा पायाखाली आला तर तो उचलून कपाळाला लावायचा, ही तिथली रीत. मक्याला बुरशी लागली तरी कुणी तो टाकत नसे. हिरवट दाणे सुपात पाखडायचे, पाण्यात चोळून धुवायचे, उन्हात वाळवायचे आणि दळून आणायचे. पाहुण्याला चांगल्या मक्याची भाकरी, घरच्यांना धुतलेल्या मक्याची. जी बाई एकही दाणा वाया जाऊ देत नाही, तिला गाव सुगरण म्हणायचं.

ध्रुपदाबाई अशीच नामांकित सुगरण होती. तिचा नवरा सुपडू पोट फुगून आणि डोळे पिवळे होऊन गेला. डॉक्टर म्हणाले, यकृत गेलं. कशानं गेलं ते त्यांनी सांगितलं नाही, तिनंही विचारलं नाही.

दोन वर्षांनी मका संशोधन केंद्रातले मुजावर साहेब गावात आले. किडकिडीत अंगाचा, हळू बोलणारा माणूस. चावडीसमोर लोक जमले तेव्हा त्यांनी बुरशी आलेलं एक कणीस वर धरलं.

"ही बुरशी धुता येते," ते म्हणाले. "पण तिनं दाण्यात सोडलेलं विष धुता येत नाही. ते भाजून जात नाही, दळून जात नाही आणि डोळ्यांना दिसतही नाही. रोज थोडं थोडं ते यकृत पोखरतं."

बायकांच्या घोळक्यातून ध्रुपदाबाईनं एकच प्रश्न विचारला. "धुतल्यावरही?"

"धुतल्यावरही, माय."

ती पदर सावरून बसली. 

साहेबांना या बुरशीला दाद न देणारा मका घडवायचा होता. त्यासाठी त्यांना शेत हवं होतं, पण चांगलं नको होतं. "ही बुरशी तहानलेल्या पिकाला आधी धरते," ते म्हणाले. "म्हणून मला गावातलं सगळ्यात वाईट शेत द्या. खडकाळ, तापणारं, पिकाचा जीव काढणारं."

गावात शब्द चालायचा तो शालिक जिभाऊंचा. ते हसून म्हणाले, "साहेब, वाईट शेत मागणारा पाहुणा आम्ही पहिल्यांदाच बघतोय. तशी शेतं इथं पैशाला पासरी आहेत हो. पण कणसाला मुद्दाम बुरशी टोचणार म्हणता! धडधाकट लेकराला कुणी दुखणं टोचतं का?"

"कोणतं लेकरू दुखण्याला पुरून उरतं, ते एरवी कसं कळणार, जिभाऊ?"

कुणी पुढे आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ध्रुपदाबाईनं आपली टेकाडावरची पट्टी साहेबांना दाखवली. तिथं नांगरालाही ठेचा लागायच्या. साहेबांनी मूठभर माती उचलली, बोटांतून गाळली आणि म्हणाले, "अगदी अशीच हवी होती."

पहिल्या वर्षी त्यांनी तिथं साठ ओळी लावल्या. कुठल्या कुठल्या गावांतून गोळा केलेला मका होता तो. पांढरा, पिवळा, तांबडा, ठिपक्यांचा. कोणत्या कणसावर कोणत्या तुऱ्याचा पराग पडावा हे वाऱ्यावर सोडायचं नव्हतं. म्हणून ध्रुपदाबाई कोवळ्या कणसांना कागदी पिशव्या घालायची. केस बाहेर आले की ठरवलेल्या झाडाचा तुरा दुसऱ्या पिशवीत झटकायची, तो पराग कणसावर घालायची आणि पुन्हा पिशवी बांधायची.

बांधावरून जाणाऱ्या बायका थांबायच्या. "ध्रुपदामाय, आज कुणाचं लगीन लावतेस गं?"

"चौदाव्या ओळीतल्या पोरीचं."

"आणि नवरा?"

"बावीसमधला. जरा बुटका आहे, पण व्यसन नाही."

बायका हसत निघून जायच्या. ध्रुपदाबाईही हसायची. मग दाणे दुधात आले की साहेब सुई घेऊन यायचे आणि कणसाकणसाला बुरशी टोचायचे. त्या दिवशी बांधावर कुणी थांबत नसे.

खरं अवघड काम सुगीनंतर असायचं. कणसं सोलायची, बुरशी कुठवर पसरली ते बघायचं आणि आजारी ओळीतली सगळी कणसं जाळायची. पहिल्या वर्षी ध्रुपदाबाईचा हात उचलेना. ज्या हातांनी तिनं उभ्या जन्मात दाणा सांडला नव्हता, त्याच हातांनी तिला टोपल्यामागून टोपलं आगीत ओतायचं होतं. धूर वर गेला तसे लोक खाली गावात बोलू लागले, "म्हातारी चळली. अन्नाची होळी करते." तिची सख्खी जाऊ वर्षभर तिच्या हातचं पाणी प्यायली नाही.

ध्रुपदाबाईनं कुणाशी वाद घातला नाही. दुसऱ्या वर्षी चाळीस ओळी उरल्या, तिसऱ्या वर्षी पंचवीस. प्रत्येक ओळीचं वागणं तिला तोंडपाठ झालं. कोणती तहान सोसते, कोणती नुसती सोसल्यासारखी दाखवते, कुणाची पानं कणसाला गच्च मिठी मारतात आणि कुणाचा शेंडा उघडा राहून अळीला वाट देतो. साहेब वहीत बघून सांगायचे, ती न बघता. साहेब एकदा म्हणाले, "माय, केंद्रात माझ्या हाताखाली आठ माणसं आहेत. तुमच्यासारखं एकही नाही." ती म्हणाली, "आठ माणसांना पगार असतो, साहेब. त्यांना घाई असणारच."

सात वर्षांनी दोनच ओळी उरल्या. नववी आणि एकतिसावी.

एकतिसावीचं कणीस जेमतेम वीतभर, वाकड्या बोटासारखं. वरची पानं इतकी घट्ट, की सोलणाऱ्या बायका म्हणायच्या, "हे कणीस आहे की सासूची मूठ?" नववी मात्र राणी होती. झाडाला दोन दोन कणसं, हातभर लांब, दाणे सोन्यासारखे. सात वर्षं सुई टोचूनही ती हिरवी पडली नव्हती. ध्रुपदाबाई सकाळी शेतात गेली की आधी नवव्या ओळीत जायची. तिला मूलबाळ नव्हतं. त्या ओळीतून चालताना ती झाडांशी काय बोलायची, ते कुणी ऐकलं नाही.

आठव्या वर्षी पावसानं ऐन तुऱ्यात असताना ओढ दिली. साऱ्या गावाचा मका होरपळला आणि त्यावर बुरशीनं हात धुवून घेतले. पाखडलेला मका खाऊन कोंबड्या पटापट मेल्या. व्यापाऱ्याचं वाहन रिकामं परत गेलं. जिभाऊंची चार वर्षांची नात पिवळी पडली आणि तिला शहरातल्या दवाखान्यात न्यावं लागलं. मग गावाला टेकाडावरची पट्टी आठवली. जी माणसं धुराला नाकं मुरडत होती, ती आता बांधावर उभी राहून नववी ओळ बघू लागली. त्या दुष्काळातही तिची कणसं भरलेली होती.

शालिक जिभाऊ स्वतः ध्रुपदाबाईच्या दारी आले. "वहिनी, चुकलो आम्ही. सोमवारी चावडीवर सगळे जमतील. नवव्या ओळीचं बियाणं घराघरात वाटा. तुमच्या हातानं."

केंद्रातली यंदाची तपासणी अजून व्हायची होती, पण सात वर्षांचे निकाल चांगले होते. साहेबही खुशीत होते. त्यांनी ध्रुपदाबाईकडे एक निळा दिवा ठेवला होता. भरडलेल्या दाण्यांवर अंधारात तो धरला, की जिथं या बुरशीचा वावर असतो तिथं हिरवट पिवळी चमक दिसते. संशयाची ती पहिली खूण.

रविवारी दुपारी ध्रुपदाबाईनं दारं-खिडक्या लावल्या, फटींत गोणपाटं कोंबली आणि नववीचे दाणे भरडून दिव्याखाली धरले. काहीच चमकलं नाही. तेवढ्यावर ती थांबू शकली असती. पण पट्टीच्या वरच्या टोकाला, जिथं निव्वळ खडक होता, तिथली कणसं तिनं वेगळी ठेवली होती. तीही तिनं भरडली.

चार ठिपके चमकले. काजव्यासारखे.

तिनं दुसरं कणीस घेतलं. पाच ठिपके. तिसरं घेतलं. मग एकतिसावीची, त्याच खडकावरची कणसं घेतली. एक, दोन, दहा, वीस. ती काळीच राहिली.

दार उघडून ती उंबऱ्यावर बसली. हे तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. खडक पट्टीच्या टोकाला होता; गावातली जमीन त्याहून पुष्कळ बरी. इतका कडक दुष्काळ पुन्हा कधी पडेल, कुणी सांगावं? आणि उद्या सारं गाव तिच्याकडे हात पसरून येणार होतं. आठ वर्षांत पहिल्यांदाच.

सोमवारी चावडी भरली होती. जिभाऊंनी नारळ आणला होता. ध्रुपदाबाई दोन टोपल्या घेऊन आली आणि मोठी टोपली तिनं बाजूला सारली.

"नववी द्यायची नाही," ती म्हणाली. "खडकावर ती हरली. मी काल पाहिलं."

लोकांत कुजबूज झाली. मुजावर साहेब पुढे झाले. "माय, किती ठिपके?"

"चार. पाच. सगळ्यांत नाही."

"मग कदाचित प्रमाण मर्यादेच्या आत असेल. अगदी काठावर."

"काठ कुणाच्या पोटाचा धरायचा, साहेब? जिभाऊंच्या, की त्यांच्या नातीच्या?"

साहेबांनी वही मिटली. मग ते शांतपणे म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. हे मी म्हणायला हवं होतं."

ध्रुपदाबाईनं धाकटी टोपली पुढे केली. "ही एकतिसावी. दिसायला बरी नाही, पिकायलाही थोडी. सोलताना मला शिव्या द्याल. केंद्रानंही हिला पास केलं, तरच पेरा. पोट अर्धंच भरेल, पण जे भरेल ते निर्धास्त भरेल."

मागून कुणीतरी ओरडलं, "आठ वर्षं घालवून हे वाकडं बोट देतेस का, म्हातारे?"

त्याला उत्तर जिभाऊंनी दिलं. ते उठले, धोतराचा सोगा पसरला आणि म्हणाले, "पहिली ओंजळ माझ्या घरी." मग एकेक करून बाकीचे उठले.

संध्याकाळच्या आत ध्रुपदाबाईनं टेकाडावर आग पेटवली. नवव्या ओळीतली धडधाकट कणसं तिनं पुढच्या जुळणीसाठी मोजून बारा ठेवली. उरलेली, सोन्यासारख्या दाण्यांची, सगळी आगीत घातली. साहेब शेजारी उभे होते. तिची जाऊही आली होती. ती वाकली, टोपल्याचा दुसरा कान धरला आणि ओतू लागली.

आठवड्यानं केंद्राची चिठ्ठी आली. एकतिसावी निर्दोष होती. नववीत विष होतं. थोडं, पण होतं.

पुढच्या पावसाळ्यात ध्रुपदाबाई पुन्हा पिशव्या घेऊन शेतात उतरली. तेव्हा ती साठीला टेकली होती. नववीचा जोम आणि एकतिसावीची घट्ट मूठ एका कणसात आणायला तिला आणखी सहा वर्षं लागली. मधल्या काळात गावानं वाकडी, आखूड कणसं सोलली, कुरकुर केली आणि खाल्ली. जिभाऊंची नात बरी होऊन शाळेत जाऊ लागली.

सातव्या वर्षी नवा मका गावभर उभा राहिला. दोन दोन कणसं, वरून गच्च झाकलेली; खडकावरची, दुष्काळातली, सुई टोचलेली, सगळी दिव्याखाली काळी. मुजावर साहेब कागद घेऊन आले. वाणाला नाव द्यायचं होतं.

"केंद्रातल्या सगळ्यांनी एकमतानं ठरवलंय, माय. तुमचं नाव द्यायचं."

ध्रुपदाबाईनं एक कणीस सोललं, दाण्यांवरून अंगठा फिरवला आणि साहेबांनी पुढे केलेला कागद मागे सारला.

"घाई करू नका," ती म्हणाली. "त्याला आणखी एक दुष्काळ बघू द्या."

तात्पर्य: जे दुसऱ्याच्या पोटात जाणार, ते आपल्याला कितीही लाडकं असलं तरी सगळ्यात कठोर कसोटीला लावावं, आणि ते कमी पडलं, तर हे सर्वांआधी आपणच सांगावं.