राजाचं धुणं धुणारी गोजराई

करवंदगडावर निशाण फडकत होतं, त्या काळातली ही गोष्ट. ते निशाण आपल्यापैकी कुणी पाहिलेलं नाही, आपल्या पणज्यांनीही नाही. आता गडावर नुसती करवंदाची जाळी आहे आणि पावसाळ्यात गुरं चरतात. पण गडाखाली वेळणी नदी तेव्हाही होती आणि नदीकाठचं आपलं पायतळ गावही होतं.

गडावर रायाजीराजा राज्य करायचा. राज्य लहानच, एका खिंडीपासून दुसऱ्या खिंडीपर्यंत. पण राजा मोठ्या काळजाचा. दर सोमवारी तो गड उतरून घाटावर यायचा. गादी नाही, छत्र नाही. खांद्यावर जांभळ्या काठाचा पांढरा शेला टाकून तो पायरीवर बसायचा आणि ज्याला जे सांगायचं ते सांगू द्यायचा. घाटावर तो हसला तर वर पागेतले घोडे कान टवकारायचे, असं म्हणतात.

गडावरचं धुणं गोजरा परटिणीकडे होतं. आधी ते तिच्या सासूकडे होतं, सासूमागे तिच्याकडे आलं. तिचा नवरा हैबती गडाच्या शिबंदीत भालाईत होता. गोजरा बोलायची कमी, पण हात असा की तिने धुतलेल्या कापडावर बसायला माशीसुद्धा बिचकायची, असं म्हणतात. सकाळी ती गडावरून बोचकं आणायची, रिठ्याच्या पाण्यात भिजवायची आणि घाटावर सगळ्या बायकांच्या मध्ये बसून धोपटायची. राजाचा अंगरखा कुठे फाटला आणि पंगतीत आमटी कुठे सांडली, ते सगळ्या घाटाला दिसायचं, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

एका हिवाळ्यात बोचकं सोडलं तेव्हा राजाच्या उशीच्या अभ्र्यावर तिला रक्ताचा डाग दिसला. लहानसाच, करवंदाएवढा. दुसऱ्या दिवशी दोन. मग एक दिवस चादरच भिजलेली आली. गोजराने ती भराभर गुंडाळली आणि आजूबाजूला पाहिलं. बायका आपापल्या कामात होत्या. तरी तिने ती बोचक्यात अगदी तळाशी दडपली.

त्याच दिवशी तिला गडावरून बोलावणं आलं. केसोपंत कारभारी देवघरात उभा होता. समोर ताटात बेल आणि भंडारा ठेवला होता.

"गोजरे, तू काय पाहिलंस ते मला ठाऊक आहे," केसोपंत म्हणाला. "राजांना खोकल्यातून रक्त पडतंय. वैद्यांनी हात टेकलेत. खिंडीपलीकडचा सरदार याचीच वाट बघतोय. त्याच्या कानावर गेलं तर उद्या तो आपल्या दारात उभा राहील. उचल बेलभंडार. म्हण, या तोंडातून ही गोष्ट कुणाला सांगणार नाही."

केसोपंत वाईट माणूस नव्हता. घाबरलेला होता. ते पाहून गोजराही घाबरली. तिने बेलभंडार उचलला आणि शपथ घेतली.

त्या दिवसापासून गावात सांगितलं गेलं की राजे मौनात आहेत, मोठ्या अनुष्ठानाला बसलेत, घाटावर येणार नाहीत. दिवस मावळताना सज्जात राजाचा अंगरखा घालून कुणीतरी उभं राहायचं आणि खालच्या लोकांना हात दाखवायचं. लोक घाटावरून हात जोडायचे. म्हातारे डोळ्यांवर हात धरून बघायचे आणि म्हणायचे, "राजं जरा वाळल्यासारखं दिसत्यात. उपासाचं असंल."

गोजरा धुणं आता घाटावर आणत नव्हती. गडाच्या मागच्या अंगाला, दाट झाडीत एक डोह होता, तिथे ती जायची. चादर बुडवली की पाणी लाल व्हायचं. मग ती तळातला चिखल ढवळायची, म्हणजे लाल दिसू नये. पान हललं तरी दचकायची. गुराखी त्या बाजूला फिरकला तर ओल्या चादरीवर स्वतः बसून राहायची. कपडे करवंदीच्या जाळीत आत आत वाळत घालायची, काट्यांनी हात सोलून निघायचे. पुढे पुढे त्या डोहातले मासे निघून गेले, असं म्हणतात. बेडूकसुद्धा ओरडेनात.

पण डोहापेक्षा तिला घाटाची भीती वाटायची. रोज आपल्या घरचं धुणं घेऊन तिथे जावंच लागे, नाहीतर लोकांना संशय आला असता. तिथे शेजारची मंजुळा रोज विचारायची, "गोजरे, राजांची कापडं दिसत न्हाईत गं अलीकडं?"

"रेशमी हायेत. अनुष्ठानाची. सोवळ्यातली वर धुत्यात."

"आन् राजं बरं हायेत न्हवं?"

"ठणठणीत हायेत."

मंजुळा समाधानाने मान हलवायची आणि ते समाधान गोजराला मारापेक्षा जास्त लागायचं. घरी आली की ती हात घासायची. राखेने घासायची, चिंचेने घासायची. बोटांच्या पेरांतून लाली जात नव्हती. भाकरी थापताना पिठावर लाल बोटं उमटल्यासारखी वाटायची. हैबती जेवायला बसला की ती ताटाकडे बघत राहायची, त्याला काही दिसतंय का म्हणून.

"काय गं, जीव बरा न्हाई का?" तो विचारायचा.

"बरा हाय," ती म्हणायची. आता ती सगळ्यांनाच बरं आहे म्हणून सांगत होती.

असा हिवाळा गेला. खिंडीपलीकडचा सरदार काही आला नाही. आणि मग उन्हं तापायला लागली तेव्हा गावात दवंडी पिटली गेली. राजांचा हुकूम होता. भाला धरू शकेल त्या प्रत्येक गड्याने अमावास्येनंतरच्या पहिल्या सोमवारी घाटावर जमायचं. खिंड ओलांडून पलीकडच्या सरदारावर चालून जायचं. राजे स्वतः घोड्यावर पुढे असणार.

खरं काय, तर केसोपंताची भीती वाढत वाढत इथवर आली होती. राजा गेल्यावर आपल्या शब्दावर कुणी उठणार नाही, हे त्याला कळत होतं. म्हणून राजाचं नाव चालतंय तोवर शत्रूचा काटा काढायचा त्याने घाट घातला होता.

दवंडी ऐकून गाव हुशारलं. कुणी भाले परजले, कुणी जुन्या ढाली उतरवल्या. ज्यांनी कधी कोंबडी कापली नव्हती तेही निघाले. हैबती जोड्याला नवी वादी बांधत म्हणाला, "खिंड अवघड हाय खरी. वरनं धोंडं सोडलं तरी माणसं मरतील. पर राजं सोता पुढं हायेत म्हनं. मग भ्या कशाचं?"

गोजरा चुलीपुढे बसली होती. आदल्याच दिवशी तिने राजाची चादर धुतली होती. त्याला मानसुद्धा उचलता येत नव्हती, हे तिला ठाऊक होतं. तिने चुलीत नुसतं लाकूड सारलं. बेलभंडार उचललेला होता. देवाची शपथ मोडली आणि नवऱ्यालाच काही झालं तर, या विचाराने तिची जीभ उचलत नव्हती. आणि गप्प बसलं तरी नवरा जाणारच होता.

मोहिमेच्या आदल्या दिवशी ती बोचकं आणायला गडावर गेली. राजाच्या खोलीची दारं खिडक्या बंद होती. राजा भिंतीला टेकून पडला होता. अंगावर मांस राहिलं नव्हतं, पण खांद्यावर तो जांभळ्या काठाचा शेला होताच. चादर काढताना राजाने हळूच विचारलं, "गोजरा, घाटावर काय चाललंय?"

तो रोज हेच विचारायचा आणि ती रोज म्हणायची, सगळं बरं आहे. त्या दिवशी तिला ते म्हणता आलं नाही.

"उद्या समदं गडी खिंडीकडं निघाल्यात, राजं. तुमच्या हुकमानं. तुमी घोड्यावर पुढं असणार म्हनत्यात."

त्याला यातलं काही माहीत नव्हतं.

"कोण कोण निघालंय?" त्याने विचारलं.

गोजरा नावं सांगायला लागली. मंजुळेचा नवरा. कुंभाराचे दोघं भाऊ. गुरवाचा जावई. तिचा हैबती. राजा प्रत्येक नावाला डोळे मिटत होता. त्या प्रत्येकाला तो ओळखत होता, घाटाच्या पायरीवर त्याने प्रत्येकाचं काही ना काही ऐकून घेतलेलं होतं.

"त्यांना थांबवा, राजं. खाली या. नुसतं दिसा."

"असा?" राजा म्हणाला. "केसोपंताने लपवायचं म्हटलं तेव्हा मीच हो म्हणालो होतो, गोजरा. त्याने सरदाराचं कारण सांगितलं. माझं कारण वेगळं होतं. मला लाज वाटत होती. त्यांनी मला हसताना पाहिलंय. असा लोळागोळा बघितला तर किळस येईल त्यांना."

गोजराने आपले दोन्ही हात त्याच्यापुढे धरले. पेरं लाल झालेली, काट्यांनी ओरबाडलेली.

"हिवाळाभर तुमचं रगात ह्या हातांनी धुतलंय, राजं. मला न्हाई किळस आली. त्यास्नी कशापायी यील?"

राजाने तिच्या हातांकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. गोजराला वाटलं, संपलं. ती बोचकं बांधायला खाली वाकली. तेवढ्यात राजाला खोकल्याची उबळ आली. ती ओसरली तेव्हा त्याने खांद्यावरचा शेला काढला, त्याने तोंड पुसलं आणि तो तिच्या बोचक्यात ठेवला.

"शपथ तोंडाची घेतली होतीस ना?" तो म्हणाला. "मग तोंडाने काही सांगू नकोस. हे घाटावर धू."

सकाळी सगळं गाव घाटावर होतं. भाले उन्हात चमकत होते. बायका गड्यांना ओवाळत होत्या. केसोपंत घोड्यावर बसून सांगत होता की राजे मागच्या वाटेने पुढे गेलेत, खिंडीपाशी भेटतील. गोजरा बोचकं डोक्यावर घेऊन गर्दीतून निघाली. आपण शपथ पाळतोय की मोडतोय, हे तिला स्वतःलाच कळत नव्हतं. ती आपल्या जुन्या जागी बसली, बोचकं सोडलं, चादर पाण्यात सोडली आणि तिच्यावर शेला पसरला.

पाणी लाल झालं. असं म्हणतात की ते विरलं नाही. एका चादरीतून एवढं रक्त कसं येईल, पण आलं. हिवाळाभर डोहात दडवलेलं सगळं त्या दिवशी नदीत उतरलं, असं म्हणतात. लाली घाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरली, प्रवाहाबरोबर खाली गेली आणि प्रवाहाच्या उलट वरही चढली, थेट खिंडीतल्या झऱ्यापर्यंत. पलीकडे सरदाराचे घोडे पाण्याशी आले आणि तोंड न लावता मागे सरले.

केसोपंताने विचारलं, "कुणाचं रक्त आहे हे?" गोजराने वर पाहिलं नाही, ती नुसती धूत राहिली. मंजुळा पाण्यात उतरली. तिने शेल्याचा काठ उचलून धरला. जांभळा काठ सगळ्यांनी ओळखला.

"म्हंजी राजं..." ती म्हणाली आणि गडाकडे पाहिलं.

पहिला भाला हैबतीने खाली ठेवला. मग सगळ्यांनी ठेवले. आणि सगळं गाव गडाची वाट चढायला लागलं. कुणी दरवाजा अडवला नाही. राजाला त्यांनी पालखीतून नाही, हातांवरून खाली आणलं. म्हाताऱ्यांनी त्याला पायरीवर टेकून बसवलं, मंजुळेने पदराने त्याचं तोंड पुसलं. राजा सगळ्यांकडे बघत होता. कुणाच्या चेहऱ्यावर त्याला किळस दिसली नाही. तेव्हा तो हसला. आवाज नव्हता राहिला, पण वर पागेतल्या घोड्यांनी कान टवकारले, असं म्हणतात.

तो शेवटपर्यंत घाटावरच राहिला. लोक पाळीपाळीने वारा घालत होते. त्यात केसोपंतही होता, त्याला कुणी दूर केलं नाही. खिंडीपलीकडचा सरदार लाल पाण्याचा माग काढत फौज घेऊन आला. त्याने पाहिलं, एका मरणाऱ्या माणसाभोवती सगळं राज्य बसलेलं आहे आणि कुणाच्या हातात भाला नाही. तो घोड्यावरून उतरला. काय करावं ते त्याला कळेना. मग तोही खालच्या पायरीवर बसला. राजा गेल्यावर खांदा देऊन तो आल्या वाटेने परत गेला आणि पुन्हा कधी चालून आला नाही, असं म्हणतात.

गोजराच्या मनातली भीती मात्र गेली नाही. आपली शपथ मोडली की राहिली, हे ती ज्याला त्याला विचारायची. गुरव म्हणायचा, राहिली. तिला पटायचं नाही. कितीतरी वर्षं हैबती घरी यायला उशीर झाला की ती वाटेवर जाऊन उभी राहायची. तो म्हातारा होऊन, तिच्या मांडीवर डोकं ठेवून गेला, तेव्हा कुठे तिला वाटलं की देवाने राग धरला नव्हता. तिच्या हातांची लाली शेवटपर्यंत निघाली नाही. बायका आजारी माणसाच्या कपाळावर तिचे हात ठेवून घ्यायच्या.

रायाजीनंतर गडावर कोण आलं, किती आले, ते आता गावात कुणाला धड सांगता येत नाही. गोजराई मात्र सगळ्यांना ठाऊक आहे. पायतळात पूर्वी जो पाटील व्हायचा आणि आता जो सरपंच होतो, त्याला कारभार हाती घेण्याआधी घाटावर यावं लागतं. बायका धुणं धूत असतात. त्यांच्यापुढे उभं राहून, आपल्याला काय दुखतंय, काय होतंय, ते गोजराईचं नाव घेऊन मोठ्याने सांगावं लागतं. कुणी सांगतो मूळव्याध आहे. कुणी सांगतो रात्री झोप लागत नाही. मागच्या खेपेला निवडून आलेल्या सरपंचबाई घाटावर आल्या. मग म्हणाल्या, "छातीत गाठ हाय. मुंबईला दाखवलंय. घरातसुद्धा अजून सांगितलं नव्हतं."

घाटावर धोपटणं थांबलं. मग बायकांतली सगळ्यात म्हातारी होती, ती पाण्यातून वर आली, तिने ओले हात लुगड्याला पुसले आणि सरपंचबाईंच्या पाठीवर ठेवून, अशा वेळी जे म्हणायची रीत आहे तेच म्हणाली, "कळलं आमास्नी. आता एकटी न्हाईस. चल, कामाला लाग."