पोरजाईची घंटा

हा हिरडा बघा, आणि त्याच्या खालच्या फांदीला टांगलेली ही पितळी घंटा. म्हशीच्या गळ्यातली आहे, देवळातली नव्हे. जाखाईच्या पठारावरच्या या गोल्फ मैदानात सहाव्या होलचा पहिला फटका मारण्याआधी ती वाजवावी लागते. वाजवणारा इथे चढावर हिरड्याखाली उभा राहतो, कारण खेळणाऱ्याला तिकडून चढापलीकडचं काही दिसत नाही. या जागेला पोरजाई म्हणतात. मघाशी तिसऱ्या होलवर तुमच्यापैकी एकाने चेंडू भरकटल्यावर "फोर" अशी आरोळी ठोकली. तिथे चालते. इथे तो शब्द चालत नाही, म्हणून फटका मारण्याआधीच तुम्हाला इथवर चालवत आणलं. दोघे कुरकुरलात, ते ऐकलं मी.

तुम्ही म्हणे सगळ्यांना खुली असलेली मैदानं खेळत निघाला आहात आणि त्यातलं उत्तम कोणतं ते ठरवणार आहात. नदीकाठच्या मैदानाची हिरवळ गालिच्यासारखी, छावणीतल्या जुन्या मैदानाला झाडांची सावली, खाडीवरच्या मैदानाला वारा, असं तुमचं मघापासून चाललं आहे. मी पन्नास वर्षं कॅडीचं काम केलं, खेळणाऱ्यांच्या काठ्या वाहिल्या, त्यामुळे माझंही एक मत आहे. पुढे कोण माणूस आहे हे आधी बघायला लावतं, ते मैदान चांगलं. या हिशेबाने आमचं मैदान चांगलं आहे, पण त्याला चांगलं व्हायला एक बाई मरावी लागली.

थोरली लढाई, म्हणजे पहिलं महायुद्ध, संपल्यानंतरची ही गोष्ट. तेव्हा हे पठार खालच्या झोरेवाडीचं गायरान होतं. साहेब आले, त्यांनी झेंडे रोवले, आणि वाडीला सांगण्यात आलं की म्हशी आणायच्या नाहीत, पण बायकांनी सकाळी येऊन गवत कापून न्यायला हरकत नाही. आपल्याच रानात आपल्याला मिळालेली ही परवानगी वाडीने कपाळाला लावली. करणार काय? बळी तो कान पिळी.

त्या बायकांमध्ये कोंडाबाई होती, बमू झोऱ्याची बायको. असं सांगतात की तिची तीन मुलं पाळण्यातच गेली होती. चौथ्या खेपेला तिने जाखाईला नवस केला, "हे एवढं जगव. ह्याला मी हाकेच्या भाईर ठेवनार न्हाई." मुलगी झाली. काळाची दृष्ट लागू नये म्हणून तिचं नाव ठेवलं धोंडी. कोंडाबाईने नवस अक्षरशः पाळला. पाणवठ्यावर, रानात, जात्यावर, जिथे ती तिथे धोंडी. इथे गवताला आली की ती याच हिरड्याला झोळी बांधायची आणि खालच्या उतारावर, चाळीसेक पावलांवर, गवत कापायची.

साहेबांचा खेळ सुरू झाला की मधूनमधून आरोळी यायची, "फोर!" आपल्या कानांना ती ऐकू यायची "पोर!" बायका चमकायच्या. हा गोरा माणूस आपल्या पोरांच्या नावाने का ओरडतो, हे कोणाला कळेना. वाडीतला एकच जण साहेबांच्या चाकरीत होता. त्याचं नाव जानू बोडेकर. डोक्याला साहेबाने दिलेला लाल पटका, खांद्यावर साहेबाच्या काठ्यांची पिशवी, आणि चालणं असं की पठार याच्याच बापाचं. बायकांनी त्याला अडवून विचारलं, "आरं जानू, सायेब सारखं पोर पोर का वरडतोय?"

जानूला अर्थ माहीत होता. पहिल्याच दिवशी साहेबाने त्याला हातवारे करून शिकवलं होतं: चेंडू येतोय, जिथे आहात तिथे खाली बसा, डोकं झाका. एवढंच सांगायचं होतं. पण समोर आठ-दहा बायका, त्याही वाट अडवून विचारतायत, मग साधं उत्तर देईल तो जानू कसला! तो म्हणाला, "सायबाला पोर न्हाई. दुसऱ्याचं दिसलं की त्येच्या पोटात कालवतं. पोर वरडला की आपापली पोरं सांभाळा, न्हाईतर उचलून न्येईल इलायतेला."

बायका हसल्या. कोंडाबाईही हसली म्हणे. पण तीन मुलं गेलेल्या बाईचं हसणं ओठांवरच राहतं. त्या दिवसापासून आरोळी आली की बायका आधी आपापल्या मुलाकडे बघायच्या आणि मग एकमेकींकडे बघून हसायच्या. असे दोन महिने गेले. कोणाचं काही वाईट झालं नाही, म्हणून जानूनेही आपली थट्टा कधी दुरुस्त केली नाही.

मग मार्गशीर्षातल्या एका सकाळी या सहाव्या होलवर साहेबाचा फटका चुकला. चेंडू उजवीकडे भरकटून चढावरून पलीकडे निघाला. साहेबाने इमानाने आरोळी दिली, "फोर!" उतारावरच्या बायकांनी माना वळवल्या. त्यांची पोरं शेजारीच खेळत होती. कोंडाबाईचं मूल तेवढं वर झोळीत होतं. तिने विळा टाकला आणि ती चढ चढत झोळीकडे धावली. चेंडू तिच्या कानशिलावर बसला. ती जागची हलली नसती तर तो मोकळ्या गवतात पडला असता. झोळीच्या तर तो आसपासही गेला नाही. धोंडी झोपलेलीच होती.

मैदानाच्या कचेरीत एक जुना इंग्रजी कागद आहे. तो मला एका निवृत्त मास्तरांनी वाचून दाखवला. त्यात लिहिलंय की रीतसर इशारा देण्यात आला होता, तरी बाई उलट चेंडूच्या दिशेने धावली. कागदात एक अक्षर खोटं नाही. माझा संताप होतो तो त्याचाच.

संध्याकाळी बायकांनी रडत रडत जानूची थट्टा बमूला सांगितली. दुसऱ्या दिवशी सकाळी बमू जानूच्या दारात आला. एका हातात धोंडी, दुसऱ्या हातात म्हशीच्या गळ्यातली ही घंटा. लोकांना वाटलं, आता कुऱ्हाड निघणार. बमूने आवाजही चढवला नाही. म्हणाला, "पोरं सांभाळा म्हनला हुतास न्हवं? मग ही सांभाळ." त्याने मुलगी जानूच्या बायकोच्या ओटीत घातली, घंटा उंबऱ्यावर ठेवली आणि म्हणाला, "सायबानं काठी उचलायच्या आदी ही वाजीव. आमच्या बायास्नी ही कळती." मग तो म्हशी घेऊन घाटाखाली उतरला. तो पुन्हा वर आला नाही.

वाडीने साहेबाकडून एवढंच मागितलं की तो शब्द इथे पुन्हा उच्चारायचा नाही. साहेबाने मान खाली घालून कबूल केलं. जानूने लाल पटका चुलीत घातला आणि मरेपर्यंत इथे उभं राहून घंटा वाजवली. तो जानू बोडेकर माझा आजा. मी गोविंदा, त्याच्या थोरल्या मुलाचा मुलगा.

आता बुंध्याशी हा शेंदूर लावलेला दगड का आणि पोरजाई कुठून आली, ते ऐका. धोंडी सहा-सात वर्षांची झाली तेव्हा तिने आज्याला विचारलं, माझी आई कशी गेली? त्याला खरं सांगवेना. तो म्हणाला, "जाखाईनं हाक मारली, पोर म्हनून. तुज्या आईनं तुज्यावरचा चेंडू सोताच्या अंगावर घेतला, म्हनून तू जगलीस." पोरीने ते मैत्रिणींना सांगितलं, मैत्रिणींनी आयांना. ज्या बायकांनी डोळ्यांनी सगळं पाहिलं होतं त्यांनाही हेच बरं वाटलं. कोणीतरी झाडाखाली दगड मांडला आणि देवी झाली. आता क्लबच्या फलकावर हीच कथा आहे. पाहुणे येतात, घंटेला हात लावतात, फोटो काढतात. इथे तो शब्द ओरडणाऱ्याचा चेंडू पोरजाई गिळते, असंही म्हणतात. देवी कशाला गिळेल? आम्ही कॅडी तो टाचेखाली दाबतो आणि हात झटकून सांगतो, "सापडत नाही, साहेब."

धोंडीआत्या आमच्याच घरात वाढली. नवऱ्यामागे परत आली ती आमच्याच घरात म्हातारी झाली. आजा जाऊन तीस वर्षं उलटल्यावर ती अंथरुणाला खिळली. एका दुपारी मी तिला पेज भरवत होतो. ती म्हणाली, "गोविंदा, आईचं खरं काय ते मला ल्हानपनापासनं ठावं हाय. बाबा घंटा वाजवून आला की परसात जाऊन रडायचा. देवीची करनी असती तर मानूस जन्मभर रडंल का? मग म्यां बायास्नी खोदून खोदून इचारलं."

मी म्हणालो, "अगं, मग त्याला एकदा तरी बोलायचंस. म्हातारा झुरून झुरून गेला."

तिने पेजेची वाटी बाजूला सारली. म्हणाली, "बोलले असते तर मोकळा झाला असता की."

त्यानंतर चार दिवसांनी ती गेली. बमू गेला होता, आता तीही गेली. आमच्या घराला मोकळं करायचा हक्क ज्यांना होता, त्यांपैकी कोणी उरलं नाही. साहेब गेल्यावर मैदान सगळ्यांना खुलं झालं. झोरेवाडीच्या बायकांनाही झालं. त्या बघा, खाली उतारावर गवत काढतायत. आजही सहाव्या होलवर घंटा वाजवायला बोडेकरांच्याच घरचा माणूस उभा राहतो. माझे गुडघे गेलेत, मुलगा म्हणतो भोंगा बसवा. मी नाही म्हणतो. चला, आता मागे जाऊन काठी हातात घ्या, पण मी वाजवल्याशिवाय उचलू नका.