सुभानाच्या आजाने चाक का सोडलं

ऐका, फार जुन्या काळची ही गोष्ट आहे. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. त्या गावात सुभाना नावाचा शेतकरी राहत होता. त्याचं घराणं मूळचं कुंभाराचं. पण त्याच्या आजाने एकाएकी चाक सोडलं आणि माळावरचे दगड वेचून शेत केलं. त्यामागचं कारण त्याने कुणालाच सांगितलं नाही.

गाव म्हणे, "भावाची मडकी चोरली, म्हणून त्याला हाकलला." सुभानाचा बाप हे ऐकून मान खाली घालून निघून जाई. सुभानालाही तीच सवय लागली होती.

पुढे सुभानाच्या मुलीला चांगलं स्थळ आलं. मुलाचे वडील सरळ स्वभावाचे होते. ते म्हणाले, "पाहुणे, तुमच्या आजोबांबद्दल कानावर आलंय. खरं काय ते तुम्हीच सांगा."

'सगळं खोटं आहे,' असं सुभानाच्या अगदी ओठांवर आलं. पण त्याला तरी कुठे ठाऊक होतं?

"मला माहीत नाही," तो म्हणाला. "थोडी सवड द्या. शोधून सांगतो."

आजाची धाकटी बहीण येसाई नदीपलीकडच्या गावात दिली होती. शरीर थकलं होतं, पण तिला सगळं लख्ख आठवत होतं. सुभानाने तिला विचारलं, "आजी, माझ्या आजाने चोरी केली होती का?"

"इतक्या वर्षांत विचारायला आलेला तू पहिलाच," येसाई म्हणाली. "चोरी कसली! दुष्काळ पडला होता. विहिरी आटल्या होत्या. तेव्हा आमच्या मातीच्या खाणीत, तुझ्या आजाच्या वाटणीत, पाणी लागलं. थोरला भाऊ म्हणाला, पाणी उपस आणि माती काढ. तुझा आजा म्हणाला, गाव तहानलंय, पाणी राहू दे. माती गेली तसं चाकही सुटलं. आज गाव ज्या तळ्याचं पाणी पितं, ते तेच."

सुभानाचा ऊर भरून आला. तो उठू लागला, तशी म्हातारीने त्याचा हात धरला.

"अर्धंच ऐकून जाऊ नकोस. घर सोडताना रागाच्या भरात त्याने थोरल्याची वाळत घातलेली सगळी मडकी लाथेने फोडली. आधीच दुष्काळ, त्यात भावाच्या पोटावर पाय दिला. पाण्यावरून झालेलं भांडण चव्हाट्यावर नको, म्हणून थोरल्याने सांगितलं, धाकट्याने मडकी चोरून नेली. मग दोघे मरेपर्यंत एकमेकांशी बोलले नाहीत."

परतताना सुभानाच्या मनात आलं, तळ्याचं तेवढं सांगावं, मडक्यांचं कोण विचारतंय? पण पाहुण्यांच्या ओसरीवर बसल्यावर त्याने दोन्ही सांगितलं, आणि सांगताना मान खाली घातली नाही.

मुलाच्या वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "नुसतं तळ्याचं सांगितलं असतंत, तर आजोबांची बढाई मारताय असं वाटलं असतं. मडकी फोडल्याचंही सांगितलंत, म्हणून तळ्याचं खरं मानतो. मुहूर्त काढा."

काढलेल्या मुहूर्तावर थाटात लग्न झालं. येसाई बैलगाडीतून आली आणि भर मांडवात तिने सगळी हकिकत गावाला ऐकवली. त्या दिवसापासून सुभानाच्या आजाला कुणी चोर म्हटलं नाही.

तात्पर्य: घराण्याची गोष्ट सांगताना चांगल्याबरोबरचं वाईट लपवू नये; तरच लोक त्यातल्या चांगल्यावर विश्वास ठेवतात.