बिट्टी मुंगीचा सहावा पाय

एक होती मुंगी. इवलीशी. नाव तिचं बिट्टी. राहायची कुमुदबाईंच्या कॉम्प्युटरमागे.

कुमुदबाई लांबलांबच्या मुलांना चित्रं शिकवायच्या. बाई बोलायच्या, पडद्यावरचा बाण फिरायचा, रेघ उमटायची. सर्रर्र! की झाला व्हिडिओ.

एकदा बाईंनी शिकवली मुंगी.

"एक पाय, दोन पाय, तीन, चार, पाच. झाली मुंगी!"

बिट्टीने ते पाहिलं. मग स्वतःचे पाय मोजले. एक, दोन, तीन, चार, पाच... आणि हा कुणाचा?

"अगंबाई! व्हिडिओत पाच, मला सहा! आता सगळी मुलं पाच पायांची मुंगी काढणार. मग माझा पाय गेला कुठे?"

बिचारी पार गोंधळली. बाई चुकतील कशा? तिने सहावा पाय पोटाशी घेतला आणि लंगडत निघाली. टुकु टुकु टुक, धप्प!

गेली बाणाकडे.

"बाणा रे बाणा, एक रेघ ओढ ना!

पाय दिसेना,
माझं मला कळेना!"

बाण म्हणाला, "छे छे! बाई बोलतील, तर मी हलेन."

टुकु टुकु टुक, धप्प! गेली बाईंकडे.

"बाई हो बाई, बोला ना!

बाण हलेना,
पाय दिसेना,
माझं मला कळेना!"

बाई म्हणाल्या, "अगोबाई, पाचच काढले की काय मी? पुन्हा शिकवते हं. पण ही घरघर ऐकलीस का? व्हिडिओत तीच ऐकू येईल. मिक्सर थांबेल, तर मी बोलेन."

टुकु टुकु टुक, धप्प! गेली मिक्सरकडे.

"मिक्सरदादा, थांब ना!

बाई बोलेनात,
बाण हलेना,
पाय दिसेना,
माझं मला कळेना!"

मिक्सर म्हणाला, "घर्रर्र! मी कसा थांबू? नाना बटण दाबतील, तर मी थांबेन."

टुकु टुकु टुक, धप्प! गेली नानांकडे. नाना म्हणजे बाईंचे यजमान. कमरेला टॉवेल, कपाळाला पीठ.

"नाना हो नाना, बटण दाबा ना!

मिक्सर थांबेना,
बाई बोलेनात,
बाण हलेना,
पाय दिसेना,
माझं मला कळेना!"

नाना म्हणाले, "मला तरी कुठे काय कळतंय! नात रडतेय. भुकेली असेल, म्हणून खिमटासाठी डाळ-तांदूळ दळतोय. बाळ हसेल, तर मी बटण दाबेन."

टुकु टुकु टुक, धप्प! गेली बाळाकडे.

"बाळा गं बाळा, हस ना!

नाना ऐकेनात,
मिक्सर थांबेना,
बाई बोलेनात,
बाण हलेना,
पाय दिसेना,
माझं मला कळेना!"

बाळ म्हणालं, "भ्याँ! भ्याँ! गुदगुल्या झाल्या, तर मी हसेन."

गुदगुल्या? त्या कुठे मिळतात? बिट्टीने पाळण्याखाली पाहिलं. नाहीत. उशीखाली पाहिलं. नाहीत. बाळाच्या पायावर आहेत का बघू, म्हणून वर चढायला लागली. पाच पायांनी.

टुकु टुकु टुक, धप्प! पडली.

पुन्हा चढली. टुकु टुकु टुक, धप्प! पुन्हा पडली.

आता मात्र बिट्टीला राग आला. अस्सा राग!

"खड्ड्यात गेला तो व्हिडिओ! पाय माझा, मी टेकणार!"

आणि टेकला सहावा पाय. टुकुटुकु टुकुटुकु टुकुटुकु! टाचेवरून तळव्यावर, तळव्यावरून अंगठ्यावर. एकदाही पडली नाही!

"खी खी खी!" बाळ हसलं. "खी खी खी खी!"

बाळ हसलं, नानांनी बटण दाबलं.
नानांनी बटण दाबलं, मिक्सर थांबला.
मिक्सर थांबला, बाई बोलल्या.

"मुलांनो, मागच्या वेळी बाई चुकल्या बरं का. मुंगीला असतात सहा पाय."

बाई बोलल्या, बाण हलला.
बाण हलला, रेघ उमटली. सर्रर्र!

लांबलांबच्या मुलांनी मुंग्या काढल्या. कुणी वहीत काढली, कुणी पाटीवर, एकाने तर भिंतीवर काढली आणि आईचा ओरडा खाल्ला. पण पाय मात्र सगळ्यांचे सहा!

बिट्टी धावत पडद्यावर चढली. चित्रातल्या मुंगीशेजारी उभी राहिली. "सहाच्या सहा गं बाई, सहाच्या सहा!" म्हणत नाच नाच नाचली.

बिट्टीचे सहा पाय बिट्टीला मिळाले. आणि तुझे दोन? घे बघू पांघरुणात!